दहा पेंडंट, त्यातले चार तपकिरी: रेझिनमधल्या गुलाबाचं एक प्रकरण

रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, फुलं घालायला लागून मला आता सहा वर्षं होतील, आणि एवढ्या काळात जे काही बिघडलं त्यातलं हे प्रकरण मी सगळ्यात नीट लिहून ठेवलंय, कारण यात फुलं परत मिळणारी नव्हती. एरवी बिघडलं की नवीन फूल आणायचं, परत ओतायचं, विषय संपला. इथे तसं करता येणार नव्हतं.

ओळखीतल्या एका मुलीची लांबलेली ट्रीटमेंट संपली आणि घरी सोडलं त्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर लोकांनी मिळून तिला एक बुके दिला. त्याच बुकेतल्या फुलांची पेंडंट करून त्या आठही जणींना परत द्यायची असं तिच्या मनात आलं. मला हे इतकं भिडलं की तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं, आणि दहा करू म्हटलं, दोन जास्तीची असू देत.

बुके माझ्या हातात आला चौथ्या दिवशी. पाण्यात ठेवलेला होता पण चार दिवस हे चार दिवसच. फूल जितकं ताजं तितका रंग चांगला टिकतो, पाकळी कोमेजायला लागली की आतली एन्झाइम मोकळी होतात आणि तिथून तपकिरी व्हायला सुरुवात होते, सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तसंच. आत काय काय होतं तर लाल स्प्रे गुलाब, म्हणजे एका देठाला तीन-चार बारकी फुलं येतात ते, त्यातल्या नऊ कळ्या कामाच्या निघाल्या. पांढरी बारीक शेवंती, जांभळा स्टॅटिस, जिप्सो (बुकेत भरायला घालतात ती बारकी पांढरी फुलं), एक नारिंगी जरबेरा आणि नेच्याची पानं. कडा काळ्या पडलेल्या पाकळ्या पहिल्याच दिवशी काढून टाकल्या कारण तो डाग रेझिनमध्ये गेला की आणखी गडद दिसतो.

वाळवायला प्रत्येकाची पद्धत वेगळी ठेवली. स्टॅटिस आणि जिप्सो उलटं टांगून अंधाऱ्या कपाटात. स्टॅटिसचं बरं असतं, त्याचा जो जांभळा भाग आपल्याला दिसतो ती खरं तर पाकळी नाहीच, फुलाबाहेरचं कागदासारखं आवरण आहे, झाडावर असतानाच अर्धं वाळल्यासारखं लागतं, त्यामुळे दहा दिवसांत तयार आणि रंग जवळजवळ तसाच. शेवंतीची फुलं, जरबेऱ्याच्या सुट्या पाकळ्या आणि नेचा टिपकागदात घालून जाड पुस्तकांखाली. यात पहिले दोन-तीन दिवस कागद रोज बदलायचा, सगळ्यात जास्त पाणी तेव्हाच सुटतं आणि सर्द कागदात राहिलेली पाकळी काळवंडते. मग अडीच आठवडे हात लावला नाही.

गुलाब सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांत. पूर्ण कळी तिच्या आकारात हवी असेल तर दाबून चालत नाही आणि नुसतं टांगलं तर कळी आक्रसून सुरकुतते. फुलांसाठी बारीक वाळूसारखं सिलिका मिळतं तेच घ्यायचं, मोठे मणी घेतले तर पाकळीवर खड्डे उमटतात. डब्यात खाली दोन सेंटिमीटर थर, त्यावर कळी उभी, मग चमच्याने आधी चारी बाजूंनी आणि नंतर पाकळ्यांच्या मधे हळूहळू सोडत जायचं, वरून एकदम ओतलं की कळी बसलीच म्हणून समजा. झाकण घट्ट. तोंडाला मास्क, कारण ती धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. माझ्या सिलिकात नारिंगी दाणे मिसळलेले आहेत, ओल शोषून भरले की ते हिरवट होतात. निळे दाणे असलेलंही मिळतं जे नंतर गुलाबी होतं पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक म्हणून मी घेत नाही.

सहाव्या दिवशी डबा उघडला तर दाणे बऱ्यापैकी हिरवट झाले होते. मला ते दिसलं. कळ्या हाताला कुरकुरीत लागत होत्या म्हणून मी म्हटलं झालं काम. काढताना दोन कळ्यांच्या पाकळ्या सुटल्या, सात उरल्या. त्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टिश्यूवर मांडून ठेवल्या आणि वहीत लिहिलं, गुलाब रेडी. झाकण नव्हतं त्या खोक्याला.

दाबलेली फुलं तयार व्हायला अजून वेळ होता आणि सगळं एकाच मिक्सिंगमध्ये ओतायचं ठरवलेलं होतं, म्हणजे रेझिन वाया जात नाही आणि सगळ्या पीसचा टोन सारखा येतो. तेव्हा गुलाब त्या खोक्यात टेबलावर जवळजवळ बारा दिवस राहिले. पावसाचे दिवस होते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते. हे वाक्य लिहिताना आता सगळं डोळ्यांसमोर लख्ख दिसतंय पण तेव्हा कपडे आणि कळ्या यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

ओतण्याच्या दिवशी दहा मोल्ड, म्हणजे साचे, तीन सेंटिमीटरचे घुमट. चारात एकेक पूर्ण कळी, तिघांत शेवंती आणि जरबेरा, तिघांत स्टॅटिस-जिप्सो-नेचा. एपॉक्सी रेझिन, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर असे दोन द्रव मिसळून ओततात ते, एकच कप, एकच मिक्स. चोवीस तासांनी काढले आणि खरं सांगते, गुलाबाचे चार सगळ्यात देखणे होते. मी तिला फोटो पाठवले. तिने ते आईला दाखवले, काकूंचा मला फोन आला, त्या बोलता बोलता रडल्या.

तिसऱ्या दिवशी गुलाबाच्या पाकळ्यांवर ठिकठिकाणी चंदेरी झाक दिसली. सहाव्या दिवशी कळीच्या बुडाशी तपकिरी कडं. नवव्या दिवशी चारही पीसमध्ये कळीभोवती धुरकट ढग आणि मागच्या बाजूला, जिथे कळीचं बूड रेझिनच्या पृष्ठभागाजवळ होतं, तिथे नख दाबलं तर खूण उमटत होती. बाकी सहा पीस काचेसारखे कडक आणि स्वच्छ.

तो पूर्ण दिवस मी दुसरं काही केलं नाही.

पहिला संशय अर्थातच रेझिनवर. एपॉक्सी मऊ राहिलं की दहातल्या आठ वेळा हार्डनरचं प्रमाण चुकलेलं असतं. माझ्या बाटलीवर मापाने दोनास एक लिहिलंय आणि बऱ्याच जणी तेच प्रमाण वजनाने घेतात, ते चूक आहे, दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते त्यामुळे वजनाचं प्रमाण वेगळं येतं आणि ते बाटलीवर दिलेलं असेल तरच वजन करायचं. पण मी मापानेच घेतलं होतं, आणि मुख्य म्हणजे त्याच कपातले बाकी सहा पीस ठणठणीत होते. मिक्स कच्चं असतं तर दहाही मऊ राहिले असते. कपाच्या कडेला न मिसळलेलं राहतं आणि ते शेवटच्या मोल्डमध्ये जातं असंही होतं, म्हणून ओतण्याचा क्रम वहीत बघितला. गुलाबाचे चार मी सगळ्यात आधी भरले होते. म्हणजे हा संशय फिटला.

दुसरं, ऊन किंवा उष्णता. दहाही पीस एकाच बंद ड्रॉवरमध्ये होते. बाद.

तिसरं, अडकलेली हवा. चंदेरी झाक ही बहुतेक वेळा हवाच असते, पाकळी आणि रेझिनच्या मधे पातळ पापुद्र्यासारखी हवा राहते आणि आरशासारखी चमकते. कळी ओतण्याआधी ब्रशने रेझिन माखून घेतली नाही की हे होतं आणि मी घाईत नीट माखली नव्हती, ही चूक माझीच. पण हवेने तपकिरी कडं येत नाही आणि रेझिन मऊ तर मुळीच राहत नाही. म्हणजे हवा होती, पण तेवढीच नव्हती.

मग एक पीस कापला. मन होत नव्हतं पण तो तसाही देण्यासारखा राहिला नव्हता. बारीक दाताची करवत, पाण्याचा हात लावत लावत, मास्क आणि ग्लव्ह्ज घालून, कारण रेझिनचा भुगा कोरडा उडू देऊ नये. कळी बरोबर मधोमध उभी चिरली गेली. बाहेरच्या पाकळ्या कोरड्या, कागदासारख्या. आतल्या पाकळ्या गडद. आणि खाली, जिथे सगळ्या पाकळ्या येऊन मिळतात तो हिरवा गाठीसारखा भाग, तो चक्क मऊ होता, टाचणी सहज आत गेली, आणि भिजलेल्या गवताच्या गंजीला येतो तसा कुबट वास आला. त्याच्याभोवतीचं दोन-तीन मिलिमीटर रेझिन दुधी आणि रबरासारखं. चंदेरी झाक, कडं, ढग, मऊपणा, सगळं त्या गाठीपासून सुरू होऊन बाहेर पसरलेलं स्पष्ट दिसत होतं.

ओल. पण ओल आली कुठून, आधीपासून राहिली की नंतर शिरली, हे कळल्याशिवाय पुढच्या वेळी मी परत तेच करणार होते. खोक्यात तीन कळ्या उरल्या होत्या, हात लावला तर बाहेरून कुरकुरीतच. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आहे माझ्याकडे, तीन कळ्या मिळून भरल्या ०.८४ ग्रॅम. सिलिका ओव्हनमध्ये साधारण ११० डिग्रीला तीन तास तापवून परत नारिंगी करून घेतलं (त्या ट्रेमध्ये पुन्हा कधीही खाण्याचं काही ठेवायचं नाही, वेगळीच ठेवायची), पूर्ण गार होऊ दिलं आणि कळ्या त्यात पुरल्या. दुसऱ्या दिवसापासून दर बारा तासांनी सिलिका ब्रशने झटकून वजन. उतरत उतरत तिसऱ्या दिवशी ०.६९ वर आलं आणि बारा तासांनी परत ०.६९. म्हणजे ज्या कळ्यांना मी रेडी लिहिलं होतं त्यांच्या वजनात जवळजवळ १८ टक्के नुसतं पाणी होतं.

मग त्यातली एक, ०.२३ ग्रॅमची, मुद्दाम उघड्या बशीत टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ०.२६. एका रात्रीत! हात लावून मला तिच्यात काडीचाही फरक कळला नाही.

माझ्यासाठी प्रकरण इथे उलगडलं. ताज्या फुलात ८० ते ९० टक्के पाणी असतं, ते आपण काढतो, पण उरलेला सांगाडा सेल्युलोजचा, आणि तो हवेतली ओल कापसासारखा परत ओढतो. सिलिका भरलेलं होतं ही पहिली चूक, गाठ कदाचित तेव्हाच पूर्ण वाळली नव्हती, पण मोठी चूक ते बिनझाकणाचं खोकं. हाताला लागते ती पाकळी, ती पातळ, ती लवकर वाळते आणि दमट हवेतही बऱ्यापैकी कडक लागते. गाठ जाड, ती आत ओल धरून बसते. वरून एपॉक्सी घट्ट होताना गरम होतं, त्या उष्णतेने ओल बाहेर निघायला बघते आणि हार्डनरच्या कामात पाणी आलं की त्या जागी रेझिन धुरकट आणि अर्धवट राहतं. स्टॅटिस आणि जिप्सो अगदी बारीक, त्यांना गाठच नाही म्हणावी इतकी छोटी, आणि ते शेवटपर्यंत कपाटात एका बंद पिशवीत होते. दाबलेली फुलं ओतायच्या दिवशीच पुस्तकातून काढलेली. ती वाचली ती माझ्या हुशारीने वाचली नाहीत, खोक्यात ठेवली नाहीत म्हणून वाचली.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे. बऱ्याच जणी म्हणतात की आधी क्लिअर स्प्रे मारला की ओलीची चिंता नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे उलटं आहे, ओल आत असताना वरून सील केलं तर तुम्ही ती कोंडता. सीलिंग करायचं ते वाळल्याची खात्री झाल्यावर, आणि ते रंगासाठी आणि हवेच्या बुडबुड्यांसाठी. पाण्यातला पांढरा गोंद पातळ करून लावणार असाल तर त्यात पाणी आहे हे लक्षात ठेवून परत वाळवून परत वजन करायचं.

तिला सांगणं अवघड होतं. फोनवर नको म्हणून घरी बोलावलं, कापलेला पीस समोर ठेवला. ती म्हणाली, "ताई, मग ती चार फुलं आता काढता येणार नाहीत का?" नाही, घट्ट झालेल्या एपॉक्सीतून फूल सहीसलामत बाहेर काढायचा मार्ग नाही. मी तिला म्हटलं, "चार गेली गं, ती परत येणार नाहीत, पण तीन कळ्या आहेत आणि मला त्या आता पाकळी पाकळी सुट्या करून वापरायच्या आहेत, पूर्ण कळी दिसणार नाही, चालेल?" ती बराच वेळ त्या कापलेल्या तुकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "त्यांनी दिलेलीच आहेत ना, मग चालतील."

तिन्ही कळ्यांची गाठ धारदार कटरने कापून टाकली. पाकळ्या सुट्या झाल्या, एका कळीच्या चौदा-पंधरा. पूर्ण कळी घालायची हौस मला होती, पेंडंटला तिची गरज नव्हती, हे त्या सुट्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर मांडल्या तेव्हा कळलं. परत सिलिका, दोन वजनं सारखी, मग घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिकाच्या पुडीबरोबर, आणि बरणी उघडायची ती कपात रेझिन मिसळून झाल्यावरच.

रंगाचं आधी बघितलं. लाल गुलाबाचा रंग अँथोसायनिनचा, तो आम्लात लाल राहतो आणि अल्कलीत जांभळा, निळसर, पुढे हिरवटसुद्धा होतो. विश्वास बसत नसेल तर ताज्या लाल पाकळीचा चुरा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकून बघा. एपॉक्सीचं हार्डनर अमाइनचं, म्हणजे अल्कलीच. शिवाय पाकळी वाळली की रंग आटून घट्ट होतो, लाल मरून होतो आणि रेझिनमध्ये गेल्यावर काळपटच वाटतो. म्हणून पहिल्या वेळी तुटलेल्या दोन कळ्यांच्या पाकळ्या, त्याही वाळवून, प्लास्टिकच्या शीटवर रेझिनच्या थेंबात ठेवल्या, एक नुसती आणि एक पातळ गोंद लावून परत वाळवलेली. दोन दिवसांनी नुसतीच्या कडेला जांभळट झाक आली, गोंद लावलेली मरून पण स्वच्छ राहिली. तीच पद्धत घेतली, आणि सगळ्यात गडद बाहेरच्या पाकळ्या सोडून मधल्या घेतल्या.

पांढऱ्या शेवंतीबद्दलही सांगते कारण पहिल्या तीन पीसमध्ये ती थोडी पारदर्शक झाली होती आणि त्या मुलीला वाटलं की तेही बिघडले. ते बिघडणं नाही. पांढऱ्या पाकळीत पांढरा रंग असा नसतोच, पेशींमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते, त्या हवेच्या जागी रेझिन शिरलं की तेल लागलेल्या कागदासारखी आरपार होते. आधी गोंदाचा हात दिला असता तर कमी झाली असती. जरबेऱ्याच्या नारिंगी पाकळ्यांना काही झालं नाही, पिवळ्या-नारिंगी फुलांत बहुतेक कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात आणि त्यांना हार्डनरचा असा त्रास होत नाही.

यूव्ही रेझिन वापरू का असंही मनात आलं, ते यूव्ही लॅम्पखाली मिनिटांत घट्ट होतं, ओल शिरायला वेळच नाही. पण गडद पाकळी लॅम्पचा प्रकाश अडवते आणि तिच्या खालचं रेझिन कच्चं राहतं, वरून कळतही नाही. एपॉक्सीच घेतलं, थरांमध्ये. पहिला तीन मिलिमीटरचा थर, चार-पाच तासांनी तो चिकट जेलीसारखा झाला की प्रत्येक पाकळी दोन्ही बाजूंनी ब्रशने माखून त्यावर बसवली, टाचणीने कडेची हवा बाहेर ढकलली, वर दुसरा थर. रेझिनची बाटली आधी कोमट पाण्यात धरली की ते पातळ होतं आणि बुडबुडे लवकर वर येतात, फक्त हाताशी वेळ कमी मिळतो. बुडबुडे फोडायला लायटर वापरला नाही, वाळलेली पाकळी ज्योतीने झटकन करपते.

चार नवीन पीस झाले. एकात पाकळीच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा राहिला. चोवीस तासांनी काढले पण या वेळी फोटो पाठवले नाहीत, तीन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवून रोज सकाळी नखाने बघितले. कडं नाही, ढग नाही. मग आठ तिला दिले.

उरलेले दोन, एक गुलाबाचा बुडबुडेवाला आणि एक स्टॅटिसचा, माझ्याकडेच आहेत, तिने ठेवायला सांगितले. दोन्ही मी ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवलेत कारण मला बघायचं होतं. चार महिन्यांत गुलाब मरूनवरून विटकरीकडे गेलाय, स्टॅटिस अजून जांभळा आहे, आणि दोन्हींचं रेझिन किंचित पिवळं पडलंय. तिला मी कळवलं तर तिने त्या आठही जणींना मेसेज केला की पेंडंट उन्हात ठेवू नका, डबीत ठेवा. बिघडलेल्या चारातला एक ती मी घरी बोलावलं त्याच दिवशी घेऊन गेली होती, तो स्वतःसाठी.